चौदा फुटांच्या घरात उजेड

प्रश्न: ताई, शिवाजी पेठेत आमची १४ बाय ४५ फुटांची वडिलोपार्जित जागा आहे. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. तीन मजली घर बांधायचंय. मधल्या खोल्यांत अंधार होईल का? आईचे गुडघे दुखतात.

उत्तर: जिना मागच्या कोपऱ्यात ढकललात तर नक्की होईल. तो मधोमध घ्या आणि त्याला लागून खालपासून वरपर्यंत उघडा चौक सोडा, निदान ४ बाय ६ फुटांचा. जुन्या वाड्यांत चौकच उजेड देतो, गरम हवाही तिथूनच वर निघून जाते. माथ्यावर काच बसवा, पण भिंतीपासून फूटभर उचलून, आणि चारी बाजूंनी बाहेर काढून. आपल्याकडचा पाऊस तिरका झोडपतो.

जिन्यात जागा वाचवू नका, हे मी हात जोडून सांगते. दहा फुटांच्या मजल्याला सतरा पायऱ्या हव्यात, चढ सात इंच, पाय ठेवायला दहा इंच. माझ्या माहेरी मंगळवार पेठेत चौदा पायऱ्यांत माडी गाठली होती. प्रत्येक पायरी साडेआठ इंचांची. आजी शेवटची सहा वर्षं माडीवर गेलीच नाही. तिची तुळशीची कुंडी आम्हीच खाली आणली.

आईंची खोली आणि संडास-बाथरूम तळमजल्यावरच ठेवा. पुढे दोन दुचाकी मावल्या की पुरे.

शेजारच्या भिंती जुन्या असतील, तर सगळा पाया एकदम उकरू नका. चार-चार फुटांचे टप्पे, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअर समोर उभा असताना.