सूट वाढली, दर उतरला, तरी बिल चढलं कसं?

प्रश्न: आम्ही टेक्सासमधल्या फ्रिस्कोत, कॉलिन काउंटीच्या बाजूला राहतो. मी आणि नवरा दोघंही एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. राज्याने होमस्टेडची, म्हणजे स्वतः राहत्या घरावरची, सूट वाढवली, काउंटीने दर उतरवला असं सगळीकडे ऐकलं. आमचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मात्र वाढूनच आलं. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सगळे काउंटीच्या नावाने बोटं मोडतायत. आम्हाला तर मतही नाही, मग आम्ही करायचं काय? दुसरं म्हणजे, सासू-सासरे आमच्याकडेच राहतात. नणंदेने त्यांचं ग्रीन कार्ड केलंय, दोघंही पासष्टीच्या पुढचे आहेत. त्यांचं नाव घरावर चढवलं तर ज्येष्ठांची सूट मिळेल असं एकाने सुचवलं. चढवावं का?

उत्तर: ताई, तुमच्यासारखी पत्रं दर हिवाळ्यात येतात. डॅलसकडून येतात, ह्यूस्टनच्या फोर्ट बेंडमधून येतात, ऑस्टिनजवळच्या विल्यमसन काउंटीतूनही येतात. जवळजवळ प्रत्येकात राग काउंटीवरच असतो. राग समजू शकते, पण तो बराचसा चुकीच्या दारावर जातोय, आणि त्यामुळे आपल्या हातात जे आहे तेही निसटतं.

आधी हिशोब मांडू. आकडे सोपे घेतलेत, तुमचे वेगळे असतील. समजा मागच्या वर्षी घराचं करपात्र मूल्य साडेपाच लाख डॉलर होतं, यंदा सहा लाख झालं. बिलात शाळांसाठीचा कर आणि काउंटीचा कर वेगवेगळे असतात. शाळेचा दर शंभर डॉलरमागे एक डॉलर धरू. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी होमस्टेडची सूट १,००,००० वरून १,४०,००० डॉलरवर नेली आणि ती २०२५ च्याच करवर्षापासून लागू झाली. म्हणजे मागच्या वर्षी शाळेचा कर साडेचार लाखांवर, ४,५०० डॉलर. यंदा चार लाख साठ हजारांवर, ४,६०० डॉलर. सूट चाळीस हजारांनी वाढली, पण घराचं मूल्य पन्नास हजारांनी वाढलं. सूट वाढली नसती तर बिल आणखी ४०० डॉलरने जास्त आलं असतं, हे खरं. पण ते बिलावर कुठे छापलेलं नसतं, म्हणून दिसत नाही.

आणि ही सूट फक्त शाळेच्या करावर आहे. काउंटीच्या करावर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. काउंटीला हवी असेल तर ती स्वतःची टक्केवारीतली सूट देऊ शकते, जास्तीत जास्त २० टक्के. हॅरिस काउंटी पूर्ण २० टक्के देते, सगळ्या देत नाहीत.

आता काउंटीचा भाग. समजा मागच्या वर्षी दर शंभर डॉलरमागे १५ सेंट होता आणि यंदा तो १४.२ सेंट केला. बातमी येते, ‘काउंटीने दर घटवला’. तुमच्या घरावर मागच्या वर्षी ८२५ डॉलर होते, यंदा ८५२. दर उतरला आणि पैसे वाढले. त्याच घरांवर तेवढेच पैसे गोळा व्हायला दर १३.७५ सेंट हवा होता. टेक्सासच्या कायद्यात या आकड्याला ‘नो-न्यू-रेव्हेन्यू रेट’ म्हणतात आणि प्रत्येक काउंटीला तो जाहीर करावाच लागतो. ‘दर वाढला की घटला’ हा प्रश्न सोडून द्या. ठरवलेला दर या आकड्याच्या वर आहे का खाली, एवढंच बघा.

१५ ऐवजी १४.२ का? कारण राज्याने घातलेली मर्यादा. २०१९ साली विधिमंडळाने सिनेट बिल २ मंजूर केलं. त्याआधी काउंटी रोजच्या कारभारासाठीचा महसूल वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत वाढवू शकत होती. २०२० पासून ती मर्यादा ३.५ टक्के झाली. त्यावर जायचं तर नोव्हेंबरमध्ये मतदारांची परवानगी घ्यायची. मर्यादा जुन्या मालमत्तांना लागू आहे, त्या वर्षात बांधलेली नवी घरं त्यात धरत नाहीत. रोखे काढून घेतलेल्या कर्जाचा हप्ताही बाहेर. म्हणूनच सलाइना, प्रॉस्परसारख्या भागात दर वर्षी कॉलनीमागून कॉलनी उभी राहते तिथे काउंटीची ओढाताण थोडी कमी दिसते. जिथे नवं बांधकाम थांबलंय तिथे कळ लगेच जाणवते.

महागाई ३.५ टक्क्यांच्या वर गेली की काय होतं, विचार करा. डेप्युटी शेरिफांचे पगार, तुरुंगातलं औषधपाणी, रस्त्याचं डांबर, सगळं महागतं. महसूल मात्र तिथेच बांधलेला. टेक्सासमध्ये वैयक्तिक आयकर नाही, २०१९ च्या घटनादुरुस्तीने तो आणणंही बंद केलंय. काउंटीचं मुख्य उत्पन्न प्रॉपर्टी टॅक्सच. मला इथे कोणा एका पक्षाची बाजू घ्यायची नाही, पण एक गोष्ट ग्रुपवर कोणी बोलत नाही ती सांगते. काउंटी ही राज्याच्या हाताखालची यंत्रणा आहे. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही राज्यघटनेने किंवा विधिमंडळाने दिलेल्या अधिकारापलीकडे काही करता येत नाही. मोठ्या शहरांना स्वतःची सनद असते, काउंटीला नाही. शहराच्या हद्दीबाहेर घर घेणाऱ्यांनी हे नीट ऐका: काउंटीला झोनिंगचा सर्वसाधारण अधिकार नाही. तुमच्या नव्याकोऱ्या कॉलनीच्या कुंपणापलीकडे काँक्रीटचा प्लांट आला, तर काउंटीचे कमिशनर तुमचं गाऱ्हाणं ऐकून घेतील, पण परवाना द्यायचा की नाही ते राज्याची पर्यावरण एजन्सी ठरवते.

वरून कामं मात्र येत राहतात. २००१ च्या कायद्याप्रमाणे गरीब आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. कायदा उत्तम आहे, पण त्याच्या खर्चाचा मोठा भाग काउंटीच उचलते. २०२१ साली ठरलं की दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या काउंटीने मतदारांना विचारल्याशिवाय पोलिसी कामाची तरतूद कमी करायची नाही. २०२० च्या जनगणनेत कॉलिनने दहा लाखांचा आकडा ओलांडला, म्हणजे तुम्ही त्यात आलात. २०२५ च्या कायद्याने तुरुंग चालवणाऱ्या शेरिफांना केंद्राच्या इमिग्रेशन खात्याशी करार करणं भाग पाडलं. तो आपल्याला आवडो न आवडो, काउंटी चालवणाऱ्या कमिशनर्स कोर्टाच्या हातात ते राहिलेलं नाही.

तेव्हा दारं तीन आहेत. नियम ऑस्टिनमधलं विधिमंडळ करतं. घराचं मूल्य अप्रेझल डिस्ट्रिक्ट ठरवतं आणि ते काउंटीचं खातं नाही, स्वतंत्र आहे. काउंटीचा दर ठरवतं कमिशनर्स कोर्ट. नावात कोर्ट असलं तरी तिथे खटले चालत नाहीत, एक काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून काउंटीचा कारभार बघतात.

पाच माणसांच्या या मंडळात एकेक जण किती मोलाचा असतो ते ह्यूस्टनकरांना चांगलं ठाऊक आहे. कर बसवायचा तर पाचांपैकी चार जण हजर हवेत, असा कायदाच आहे. २०२२ च्या शरदात हॅरिस काउंटीत टॉम रॅम्झी आणि जॅक कॅगल हे दोन कमिशनर दर ठरवण्याच्या बैठकांना आलेच नाहीत. तिघांचं बहुमत असूनही कर बसवता आला नाही, आणि काउंटीला नो-न्यू-रेव्हेन्यू दरावर यावं लागलं. काहींना ते करदात्याचं रक्षण वाटलं, काहींना जबाबदारी टाकणं वाटलं. पण काउंटीचं अख्खं अंदाजपत्रक दोन रिकाम्या खुर्च्यांनी फिरवलं, हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. मत नाही म्हणून हात बांधलेले नाहीत.

होमस्टेडला नागरिकत्व लागत नाही. घर तुमच्या मालकीचं, तुम्ही त्यात राहता आणि टेक्सासच्या लायसन्सवर तोच पत्ता आहे, इतकं पुरतं. अर्ज फुकट आहे. ‘आम्ही भरून देतो, अमुक डॉलर पाठवा’ अशी सरकारी वाटणारी पत्रं घर घेतल्यावर येतात, ती सरळ फाडून टाका. अर्ज राहून गेला असेल तर मागच्या दोन वर्षांपर्यंतचा उशिराने करता येतो, आजच करा. होमस्टेड लागल्याच्या पुढच्या वर्षापासून करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून जास्त चढू शकत नाही. मात्र याच मर्यादेमुळे बाजार थंड असतानाही तुमचं मूल्य चढत राहतं, कारण ते मागे राहिलेलं असतं आणि बाजारभावाला गाठत असतं.

वर्षभरासाठी पुण्याला किंवा नागपूरला जाऊन राहणाऱ्यांना एक सूचना. दोन वर्षांच्या आत परत यायचं आहे आणि दुसरीकडे कायमचं घर केलेलं नाही, तर होमस्टेड टिकतं. पण २०२३ च्या कायद्यानुसार अप्रेझल डिस्ट्रिक्टने पाच वर्षांतून एकदा प्रत्येक होमस्टेड तपासायचं असतं. ते पत्र तुम्ही भारतात असताना आलं आणि टपालपेटीत पडून राहिलं तर सूट जाऊ शकते. शेजाऱ्यांना नुसती किल्ली देऊ नका, टपाल उघडायलाही सांगा.

मूल्य जास्त वाटलं तर प्रोटेस्ट, म्हणजे अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे हरकत, दाखल करा. मुदत १५ मे किंवा नोटीस निघाल्यापासून ३० दिवस, यांतलं जे नंतर येईल ते. ‘फार महाग झालंय हो’ हा मुद्दा तिथे चालत नाही. पुरावा लागतो. उत्तर टेक्सासची काळी चिकणमाती आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखीच उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे फाउंडेशन हलतं. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, खाली टेकेनाशी झालेली खिडकी, फरशीचा उतार, या सगळ्याचे तारखेसह फोटो आणि दुरुस्ती करणाऱ्याचं लेखी एस्टिमेट न्या. मूल्य १ जानेवारीच्या स्थितीवर ठरतं, म्हणून भेग त्याआधीची आहे हे दिसायला हवं. शेजारच्या घराच्या किमतीवर तासभर वाद घालण्यापेक्षा तो एक कागद जास्त काम करतो.

दराची लढाई ऑगस्ट-सप्टेंबरात होते. जुलैअखेर मूल्यांच्या याद्या पक्क्या होतात, ऑगस्टमध्ये एक पोस्टकार्ड येतं. जाहिरात समजून फेकू नका, त्यावर दिलेल्या संकेतस्थळावर तुमच्या घरासाठी प्रस्तावित दर, नो-न्यू-रेव्हेन्यू दर आणि सुनावणीची तारीख असते. काउंटीच्या मुख्यालयी, मॅकिनीत, जाऊन सुनावणीला बोलायला व्हिसा आडवा येत नाही. अजेंड्यावरच्या विषयावर जनतेला बोलू दिलंच पाहिजे, असा राज्याचा कायदा आहे. मिनिटं थोडी मिळतात, म्हणून एकच मुद्दा घ्या: ‘दर नो-न्यू-रेव्हेन्यूच्या वर ठेवायचा असेल तर जादा पैसा कुठे जाणार?’ किंवा ‘काउंटीची ऐच्छिक सूट वाढवणार का?’ या खोल्या बहुतेक वेळा रिकाम्याच असतात, म्हणून महाराष्ट्र मंडळातली चार कुटुंबं मिळून गेलात तर दखल घेतली जाते. विधिमंडळाचं पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होईल, १४० दिवसांचं. २०२५ च्या विशेष अधिवेशनात ३.५ टक्क्यांची मर्यादा आणखी खाली आणायचा प्रयत्न झाला, पण दोन्ही सभागृहांचं जमलं नाही. तो विषय परत येणार असं मला वाटतं. समितीपुढे साक्ष द्यायलाही नागरिकत्वाची अट नाही.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. लायसन्सच्या कचेरीत कोणी मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे सरकवला तर सही करू नका. नागरिक नसताना केलेली नोंदणी किंवा मतदान ग्रीन कार्डाच्या मुळावर येतं. आणि ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कोणत्याही उमेदवाराला, अगदी आपल्या ओळखीच्या देशी उमेदवारालाही, निवडणुकीची देणगी देऊ नका. केंद्राच्या कायद्याने ती स्थानिक निवडणुकीतही बंद आहे.

घरकर्जाचा महिन्याचा हप्ता वाढलाय म्हणून टॅक्स वाढला असं धरू नका, हेही सांगून ठेवते. एस्क्रोच्या, म्हणजे हप्त्यातून टॅक्स आणि विम्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांच्या, कागदावर टॅक्स आणि विमा वेगवेगळे बघा. गारपिटीच्या पट्ट्यात घराचा विमा टॅक्सपेक्षाही जोरात चढतोय.

राहिले सासू-सासरे. पासष्टीच्या पुढच्यांना शाळेच्या करात आणखी ६०,००० डॉलरची सूट आहे. २०२५ च्या आधी ती १०,००० होती. शिवाय शाळेच्या कराला कमाल मर्यादा लागते. एक टक्का दराने ही जादा सूट वर्षाला सहाशे डॉलर होते. पण त्यांची मालकी हवी, आणि मालकी वाटलेली असेल तर सूटही हिश्श्याच्या प्रमाणात मोजली जाते. नावाला दहा टक्के दिलेत तर हाती फार काही लागणार नाही. मोठा हिस्सा दिलात तर तो गिफ्ट ठरतो, गिफ्ट टॅक्सचं रिटर्न भरावं लागू शकतं, मॉर्गेजवाल्यांची परवानगी बघावी लागते. उद्या त्यांच्या माघारी तो हिस्सा सगळ्या वारसांचा होतो, त्यात नणंदही आली.

माझं मत, फक्त करातली सूट मिळावी म्हणून नाव चढवू नका. त्यांनी खरोखर घरात पैसे घातले असतील किंवा पुढे घालणार असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी रिअल इस्टेट वकील गाठा, सासू-सासऱ्यांचं इथलं मृत्युपत्र करून घ्या, आणि डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तावर, सही होण्याआधी नणंदेला फोन करून सगळं सांगा. एकदा डीड काउंटी क्लार्ककडे नोंदलं गेलं की ते फिरवायला त्यांच्याही सह्या लागतील.