बाबांना विचारून घे

प्रिय बेटा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काकू, बाबांच्या शेवटच्या इच्छांचा विषय काढला की आई म्हणते, अभद्र बोलू नको." बाबा दवाखान्यातून नुकते घरी आलेत, दोन घास जेवतात, अंगणात फिरतात. तरी सांगते, आताच विचार. शुद्धीवर आहेत, हसताहेत, तेव्हाच.

माझी आई गेली ती मे महिन्यात, पहाटे चारला. भाऊ बंगलोरला. आम्ही तिघी बहिणी तिच्या उशापायथ्याशी होतो, पण अग्नी द्यायला मुलगाच हवा म्हणून मयत थांबवली. त्या उन्हात फ्रीजरची पेटी भाड्यानं आणावी लागली. आंघोळ घालताना तिच्या बोटातली अंगठी निघेना. धाकटीनं साबणाचा फेस केला आणि हळूहळू फिरवत ती काढली, जणू आईला दुखेल. नंतर पेटीच्या काचेवर सारखं पाणी जमायचं आणि मी पदरानं पुसत बसले, तिचा चेहरा दिसावा म्हणून. भाऊ आला दुपारी तीनला.

संध्याकाळी मोक्षधाम घाटावरून परत आलो, दारात कडुनिंबाचा पाला तोंडात घेतला, आणि मधली मट्कन खाली बसली. म्हणाली, "आईचे डोळे!" तांदूळ निवडता निवडता आई कितीदा म्हणायची, माझे डोळे देऊन टाका गं. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. आम्ही अकरा तास तिच्याजवळ बसलो आणि एकीलाही आठवलं नाही. ते मला आजही सलतं.

म्हणून बाबांना पहिलं हे विचार, की अग्नी कोणी द्यायचा. तू एकुलती एक, आणि काका लोक आतापासून पुतण्याचं नाव घेताहेत म्हणालीस. मुलीनं देऊ नये असा कुठला कायदा नाही. आपल्या घाटांवर मुलींनी खांद्यावर मडकं घेऊन फेरे घातलेले मी पाहिलेत. पण त्या घडीला तू एकटी वाद घालू शकणार नाहीस. बाबा स्वतः काकांसमोर एकदा बोलले, की विषय संपला.

मग चिता कशाची, तेही विचार. एका देहाला साधारण 300 किलो लाकूड लागतं. आता आपल्याकडे शेतातल्या कचऱ्यापासून दाबून केलेल्या कांड्याही वापरतात, मोक्षकाष्ठ म्हणतात त्यांना. मला स्वतःला तेच हवं. बाबांना लाकूडच हवं असेल तर तेही ठीक, त्यांचं मन मोडू नकोस. देहदान म्हणाले तर मात्र मेडिकलमध्ये किंवा मेयोत, नागपूरच्या त्या दोन सरकारी मेडिकल कॉलेजांत, आधी चौकशी करून ठेव. नुसता फॉर्म भरून भागत नाही, शेवटी घरच्यांनाच देह न्यावा लागतो, आणि पोस्टमॉर्टेम झालं तर तो घेत नाहीत.

अस्थींचंही तसंच. माझी एक मैत्रीण ख्रिस्ती आहे. दर 2 नोव्हेंबरला ती जरीपटक्याच्या कब्रस्तानात आईवडिलांच्या कबरीवर फुलं आणि मेणबत्ती ठेवून येते. मला तिचा थोडा हेवा वाटतो. आपण रामटेकला अंबाळा तलावात अस्थी सोडतो आणि घरी फोटो उरतो. कुणी शेतात झाड लावून त्याच्या बुडाशी राख घालतात. तुझ्या बाबांचा जीव त्या संत्र्याच्या बागेत किती अडकलाय, तुला माहीत आहे. विचार त्यांना.

त्यांचा आजार पाहता आणखी एक. व्हेंटिलेटरवर नुसतं ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 पासून ते सोपं झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. हे विचारताना तुझा आवाज कापेल. कापू दे.

कागदांचं थोडक्यात सांगते. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरचा दाखला लागतो, तेव्हा रात्री कोण येईल हे आधीच ठरवून ठेव. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची. आधारवर आणि बँकेत नाव जसं आहे, अक्षर न् अक्षर तसंच लिहिलंय का ते दाखला हातात घेताच बघ. आईच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करायला आम्हाला वर्ष गेलं.

कसं विचारायचं? समोर बसवून नको. हिवाळ्यात सुट्टीवर येशील तेव्हा तुरीच्या शेंगा सोलायला बस त्यांच्यासोबत. हात कामात असले की माणूस बोलतो. आई उठून आत गेली तर जाऊ दे. दोन दिवसांनी तीच येऊन सांगेल, मला कोणती साडी नेसवायची ते.

माझ्या इच्छा लिहिलेलं पान कपाटात साड्यांखाली आहे. लेकीला वाचायला दिलं तेव्हा ती रडली, रात्री जेवली नाही. सकाळी बघते तर तिनं खाली आपल्या अक्षरात नेत्रपेढीचा नंबर लिहून ठेवला होता.

तुझी,
काकू