चर्चगेटचे गेट गेले कुठे?

प्रश्न : मी नोकरीसाठी वसईहून रोज चर्चगेटला येते. परवा मुलीला बरोबर आणले, तर उतरल्याउतरल्या तिने विचारले, "आई, यातलं गेट कुठलं?" मला सांगता आले नाही. तिथे खरेच दरवाजा होता का? तो कुणी पाडला?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, दरवाजा होता, पण स्थानकापाशी नव्हता. स्थानकातून वीर नरिमन रस्त्याने सरळ हुतात्मा चौकात या. १८६४ साली उभारलेले फ्लोरा फाउंटन दिसते ना, त्याच्या आसपास तो होता. तसेच पुढे चालत गेलात की सेंट थॉमस चर्च लागते. ते १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले. त्या चर्चकडे नेणारा म्हणून तो चर्चगेट. तो इंग्रजांच्या मुंबईच्या किल्ल्याच्या तटातला दरवाजा. त्या तटाला दक्षिणेला अपोलो गेट आणि उत्तरेला बाजारगेट, असे आणखी दोन दरवाजे होते. तट बांधला गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात, म्हणजे १७१५ नंतर. माझे वडील गोदीत कामाला होते. ते गिरगावातून निघताना 'फोर्टात जातो' असे कधी म्हणत नसत, 'कोटात जातो' म्हणत. कोट पडून शंभर वर्षे होत आली, तरी शब्द टिकून होता.

आणि तुम्ही वसईच्या, म्हणून मुद्दाम सांगतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या इंग्रजांचे धाबे दणाणले. आता मराठे मुंबईवर येणार, या भीतीने त्यांनी तटाभोवती खंदक खणायला घेतला. व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये वर्गणी दिली. म्हणजे वसईच्या किल्ल्यावर भगवा चढला, त्याचा धसका मुंबईच्या मातीत खोल खणला गेला!

तटावरच्या तोफांना समोर आडोसा नको, म्हणून बाहेरची झाडे आणि घरे हटवून जमीन मोकळी ठेवली. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर हा मोकळा पट्टा आणखी वाढवला. ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदाने त्याच पट्ट्यातली. पोरे आज क्रिकेट खेळतात, ती तोफांच्या माऱ्यासाठी राखलेली जागा आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि भीतीही संपली. आत मात्र दाटी वाढत गेली. १८६२ साली गव्हर्नर होऊन आलेल्या बार्टल फ्रिअरने तट पाडायला काढला. तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता. मोकळ्या झालेल्या जागेतून पुढे हायकोर्ट, राजाबाई टॉवर अशा इमारती उठल्या. तट पाडला याचे मला दुःख नाही, शहर गुदमरले होते. पण तीनपैकी एक दरवाजा तरी ठेवायला हवा होता, हे मला अजून डाचते.

मुलीला दाखवायचे असेल, तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या मागे जा. त्याच तटाला जोडून १७६९ साली बांधलेल्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा तुकडा तिथे शिल्लक आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे कार्यालयही तिथेच आहे. पण जाल तर कामाच्या दिवशी जा, आणि आधी वसईचा किल्ला तिला दाखवून आणा.