नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेचे सहावी ते आठवीचे वर्ग चांगले आहेत की नाहीत, हे निकालाच्या टक्केवारीवरून ठरवता येईल का?

माझ्या मते, केवळ टक्केवारीवरून ठरवू नये. आठवीत आठच मुले असतील, तर एका मुलाच्या निकालाने साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो आणि त्यावरून शाळेला नावे ठेवणे हा शिक्षकांवर अन्याय ठरतो.

त्याऐवजी आधी हजेरीपट पाहावा. पेठ-सुरगाण्यातील अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीपासून ज्या मुलांच्या नावापुढे सलग गैरहजेरी दिसते, त्यांचेच अपूर्णांक आणि भागाकार कच्चे राहतात. शिकवणे कितीही चांगले असले, तरी मूल वर्गातच नसेल तर काय उपयोग? (अशा मुलांसाठी गावातच राहण्याची सोय होणे मला सर्वांत निकडीचे वाटते.)

दुसरे म्हणजे शिक्षक. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. गणिताचे पद रिक्त असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तो विषय लेखी मांडावा.

सातवीतील मुलाला चौथीच्या पुस्तकातील एक उतारा मोठ्याने वाचायला सांगावा. तो कुठे अडखळतो, हे गुणपत्रिकेपेक्षा अधिक सांगून जाते. आठवीची मुले वर्षाला 12,000 रुपयांच्या एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंत विद्यार्थ्यांसाठीच्या) शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवली जातात का, हेही मुख्याध्यापकांना अवश्य विचारावे.