मोबाइल आणि तब्येत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोथरूडमध्ये आमच्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे. कॅन्सर होईल या भीतीने सोसायटीतले काही जण तो हटवायला निघालेत. तोवर फोनला ‘अँटी-रेडिएशन’ चिप लावावी का?

उत्तर : चिप घेऊ नका. फोनमधून लहरी बाहेर पडतात म्हणूनच बोलता येतं. चिपने त्या खरंच अडवल्या, तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली ताकद वाढवेल. नाही अडवल्या, तर पैसे पाण्यात गेले.

आता टॉवर. या लहरी रेडिओ-टीव्हीच्या लहरींच्याच जातीच्या. पेशीतल्या डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा एक्स-रेमध्ये असते, यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना मिळणारी किंचित उष्णता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात टाकलं आणि भीतीला जोर आला. पण या गटाचा अर्थ एवढाच की पुरावा तोकडा आहे, मात्र शंका पुरती मिटलेली नाही. पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या अभ्यासांच्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही.

भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. तुमच्या भागातल्या टॉवरची माहिती दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. सभेत आवाज चढण्याआधी तो आकडा हातात घ्या.

टॉवर लांब गेला की काय होतं, हेही सभेत सांगा. तुमच्या शरीराला सर्वांत जास्त लहरी मिळतात त्या कानाला लावलेल्या फोनमधून. टॉवर लांब गेला की सिग्नल कमजोर होतो, आणि सिग्नल जितका कमजोर, तितका फोन जास्त जोर लावतो. बेसमेंटचं पार्किंग, लिफ्ट, जुन्या वाड्यातली आतली खोली अशा ठिकाणी एकच कांडी दिसत असेल तर लांबलचक बोलणं टाळा. खिडकीपाशी या, स्पीकर लावा किंवा वायरचे इयरफोन वापरा. फोन डोक्यापासून काही इंच दूर गेला तरी लहरींचं प्रमाण झपाट्याने घटतं. तुमच्या फोनचं ‘सार’मूल्य (SAR), म्हणजे फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं तो आकडा, पाहायचं असेल तर डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. भारतात ते १.६ वॅट प्रति किलोपेक्षा जास्त चालत नाही.

प्रश्न : वडिलांना नुकताच पेसमेकर बसवला. ते फोन शर्टाच्या खिशात ठेवतात. चालेल?

उत्तर : नाही, ती सवय आजच मोडा. इथे खरी अडचण चुंबकाची आहे. काही नव्या फोनच्या पाठीत, फ्लिप कव्हरच्या बंदात आणि इयरबडच्या डबीत चुंबक असतात. ते अगदी जवळ आले तर पेसमेकर तात्पुरता वेगळ्या पद्धतीने चालू लागू शकतो. चुंबक दूर केला की बहुधा पूर्ववत होतो. फोन आणि पेसमेकर यांच्यात किमान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटर. पेसमेकर डाव्या बाजूला असेल तर फोन उजव्या कानाला लावायचा. बाहेर जाताना फोन पँटच्या खिशात किंवा पिशवीत.

प्रश्न : नात अडीच वर्षांची आहे. मोबाइल दाखवल्याशिवाय घास घेत नाही. काय करू?

उत्तर : मूल पडद्यात गुंगलं की भूक आणि पोट भरल्याची जाणीव, दोन्हींकडे त्याचं लक्ष राहत नाही, घास नुसते आत ढकलले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून एक तास ही कमाल मर्यादा आहे, तीही कमी तेवढी चांगली.

सगळी जेवणं एकदम बदलू नका. तुम्ही स्वतः भरवता ते एक निवडा. त्याआधी दोन तास दूध-बिस्किट बंद. तिला सगळ्यांबरोबर पानावर बसवा आणि घरातल्या प्रत्येकाचा फोन नजरेआड ठेवा. मऊ भात, पोळीचे तुकडे तिच्या हाताने खाऊ द्या. सांडलं तरी चालेल. अर्ध्या तासाने ताट उचला. रागावू नका, मागे मागे फिरून भरवूही नका. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल. बहुतेक घरं इथेच हरतात, कारण तिसऱ्या दिवशी कुणीतरी कळवळून फोन देतं. मग मूल एवढंच शिकतं की जास्त वेळ रडलं की फोन मिळतो. त्यामुळे सूनबाईंशी आणि मुलाशी आधी बोलून ठेवा.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत तिला सारसबागेत किंवा जवळच्या मैदानावर न्या. दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचं, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचं, प्रमाण कमी आढळतं. ती अजून दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे. डोळे चुरचुरतात. निळा प्रकाश अडवणारा ब्लू-कट चष्मा घेऊ?

उत्तर : त्याने ताण कमी होतो असा भक्कम पुरावा नाही. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा, पापण्या पूर्ण मिटा आणि एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका. चष्म्याचा नंबर मात्र तपासून घ्या.

प्रश्न : मेसेज टाइप करून अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. तेल लावून चोळते, पण वाढतंच आहे.

उत्तर : चोळणं थांबवा. अंगठा मुठीत धरा आणि मनगट हलकेच करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ आली, तर तिथल्या स्नायुबंधाच्या आवरणाला सूज असू शकते. चोळून ती आणखी चिडते. कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा लावा. पट्टा घ्यायचा तर अंगठाही स्थिर ठेवणारा घ्या. नुसत्या मनगटाच्या पट्ट्याने भागत नाही. कपडे पिळणं, कढई एका हाताने उचलणं हेही काही दिवस बंद. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर फोन डाव्या हातात धरून उजव्या तर्जनीने लिहा, किंवा कीबोर्डची भाषा मराठी करून माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. मजकूर आपोआप उमटतो.