वोर्कुताला भारतीय माणसाला जाता येतं का? आणि जाण्यासारखं आहे का?

तुम्ही रशियाच्या अतिउत्तरेतल्या नोरिल्स्क आणि वोर्कुता या दोन्ही शहरांची नावं घेतलीत आणि यूट्यूबवर बर्फाने भरलेल्या रिकाम्या इमारती बघून जावंसं वाटतंय असं लिहिलंत. नोरिल्स्कचं आधी सांगून टाकतो. ते शहर 2001 पासून परदेशी लोकांसाठी बंद आहे. रशियन सुरक्षा यंत्रणेची परवानगी काढल्याशिवाय जाता येत नाही, आणि "सहज फिरायला आलोय" म्हणणाऱ्याला ती मिळणं अवघडच. शिवाय नोरिल्स्क उरलेल्या रशियाला ना रस्त्याने जोडलेलं आहे ना रेल्वेने. माल येतो तो येनिसेई नदीवरच्या दुदिन्का बंदरातून, माणसं विमानाने. निकेल आणि पॅलेडियममुळे तिथे पैसा मात्र बक्कळ आहे.

वोर्कुता त्या अर्थाने बंद नाही. मी गेलो तो मॉस्कोत नोकरीला असताना. माझे बाबा चंद्रपूरजवळ घुग्घुसकडे वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये) मायनिंग सरदार, म्हणजे खाणीतली सुरक्षा बघणारे, होते, त्यामुळे कोळशाचं गाव म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "जा" असंच आहे. मात्र विमानाने जाऊ नका, रेल्वेने जा. वोर्कुता म्हणजे काय ते निम्मं तरी त्या डब्यातच कळतं.

मॉस्कोहून थेट गाडी आहे, चाळीस तासांच्या आसपास लागतात. कोत्लास या वाटेतल्या गावापर्यंत साधा रशियन प्रवास: बर्च, पाइन, लाकडी घरं, पुन्हा बर्च. कोत्लासपासून वोर्कुतापर्यंतचा जो अकराशेहून जास्त किलोमीटरचा लोहमार्ग आहे, तो स्टालिनच्या काळात कैद्यांनी घातलेला. 1937 नंतर काम सुरू झालं आणि 1941 च्या डिसेंबरअखेर पहिली गाडी वोर्कुताला पोचली. घाई कशाची, ते साल बघितलं की कळतं. दोनबासचा, म्हणजे युक्रेनकडच्या खाणपट्ट्यातला, कोळसा जर्मनांच्या हातात गेला होता आणि कारखान्यांना, रेल्वेला कोळसा तर हवाच होता. त्याआधी वोर्कुताचा कोळसा अरुंद रुळांवरून उसा नदीपर्यंत आणून पडावांत भरायचे, आणि नदी वर्षाचे बरेच महिने गोठलेली. युद्धात लेनिनग्राडचा वेढा फुटल्यावर त्या शहराची भूक भागवली ती याच कोळशाने.

हे सगळं वाचून गेलो होतो, तरी खिडकीतून दिसतं ते वेगळंच. पेचोरा, इंता अशी स्टेशनं मागे पडत जातात तशी झाडं बुटकी होत जातात. आधी डब्याच्या उंचीची, मग माणसाएवढी, मग कमरेएवढी, आणि एका सकाळी उठून बघावं तर झाडच नाही. मोठ्या थांब्यांवर डब्याची बाई (प्रत्येक डब्याला एक असते, तिकीट बघणं, चादरी देणं, शिस्त लावणं सगळं तिच्याकडे) पहार घेऊन खाली उतरते आणि डब्याखाली साचलेला बर्फ ठोकून पाडते. आपल्याला एका हाताने चहाचा ग्लास देणारी बाई दुसऱ्या हाताने पहार चालवते, आणि दोन्ही कामं सारख्याच निर्विकार चेहऱ्याने. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी चोवीस तास चालू असते, त्यामुळे घरून नेलेलं उपम्याचं पाकीट उपयोगी पडतं. तिसऱ्या वर्गात जा, ज्याला तिकडे प्लात्सकार्ट म्हणतात. आपल्या स्लीपरसारखाच उघडा डबा, पण गरम आणि स्वच्छ. सुट्टीहून परतणारे खाणकामगार तिथेच भेटतात. रशियन मोडकीतोडकी आली तरी चालेल, अजिबात येत नसेल तर मात्र या प्रवासातलं बरंच काही हातचं जाईल.

गावाबद्दल आता. 1930 मध्ये गिओर्गी चेर्नोव्ह नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला वोर्कुता नदीकाठी चांगला कोळसा सापडला. 1932 मध्ये कैद्यांनी पहिली खाण सुरू केली, आणि 1943 मध्ये शहराचा दर्जा मिळाला. जागा आर्क्टिक वर्तुळाच्या शंभरावर किलोमीटर उत्तरेला, खाली जमीन कायम गोठलेली. आपण होऊन तिथे राहायला कोण येणार? म्हणून छावणी. कैद्यांत खाण अभियंते होते, लिथुआनियन आणि युक्रेनियन शेतकरी होते, आणि मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचे दिग्दर्शक बोरिस मोर्द्विनोव्हसुद्धा होते. याच मोर्द्विनोव्हनी 1943 मध्ये तिथे नाट्यगृह उभं केलं. नट, वादक बरेचसे कैदीच. ते थिएटर आजही चालू आहे, तिकीट काढून नाटक बघता येतं. जरूर बघा, भाषा नाही कळली तरी.

एक कैदी आपल्याला जरा जवळचा वाटावा असा. अलेक्सेई काप्लर, चित्रपटलेखक. स्टालिनच्या मुलीशी, स्वेतलानाशी, त्याची जवळीक झाली आणि 1943 मध्ये त्याची रवानगी पाच वर्षांसाठी वोर्कुताला. तिथे तो गावचा फोटोग्राफर झाला. हीच स्वेतलाना पुढे आपल्या भारतीय जोडीदाराच्या, ब्रजेश सिंहांच्या, अस्थी घेऊन 1966 च्या डिसेंबरात भारतात आली, उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरला राहिली आणि 1967 च्या मार्चमध्ये दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीत शिरली ती 1984 पर्यंत परत रशियाला गेली नाही.

बघायचं काय? शहराभोवती एक वर्तुळाकार रस्ता आहे, त्याला "वोर्कुताचं कडं" म्हणतात. एकेका खाणीपाशी एकेक वसाहत, आणि सगळ्या वसाहती या रस्त्यात ओवलेल्या. एके काळी तेरा खाणी होत्या, आता चार उरल्यात. म्हणजे बाकीच्या वसाहतींना कामच राहिलं नाही. 1989 च्या जनगणनेत नुसत्या शहरात एक लाख पंधरा हजार माणसं होती, वसाहती वेगळ्या. 2021 मध्ये शहरात सत्तावन्न हजार. तुम्ही व्हिडिओत बघितल्या त्या इमारती बहुतेक या कड्यावरच्या.

ही वस्ती आपोआप ओस पडत नाही, ती पद्धतशीर आवरली जाते, हे व्हिडिओत येत नाही. पाच मजली इमारतीत साठ घरं आणि त्यातली सात भरलेली असली, तरी नळ आणि गरम पाण्याचे पाइप अख्ख्या इमारतीचे चालू ठेवावे लागतात. एका रात्रीत पाइप गोठला तर सातही घरं गेली. म्हणून नगरपालिका त्या सात कुटुंबांना गावातल्या दुसऱ्या भरलेल्या इमारतीत घर देते, आणि रिकाम्या इमारतीचं पाणी, वीज, उष्णता तोडते. मी एका जिन्यात शिरलो होतो, ओळख झालेल्या एका निवृत्त खाणकामगार काकांकडे चहाला. प्रत्येक मजल्यावर चार दारं. त्यांतली निम्मी लोखंडी पत्र्याने बंद केलेली, पत्र्यावर खडूने तारीख. उरलेल्यांपुढे पायपुसणं, बूट, कुणाची तरी लहान घसरगाडी. काकांच्या घरात इतकं उकडत होतं की बाहेर उणे वीस असताना त्यांनी खिडकीचा वरचा छोटा झरोका उघडा ठेवला होता. उष्णता कमीजास्त करायची सोयच नाही, पाइपातून येईल तेवढी घ्यायची. ही घरं अगदी मातीमोल भावात विकली जातात हे खरं आहे. लोक थकलेल्या बिलांपायी फुकटसुद्धा देऊन टाकतात. "मग घेऊन ठेवू का एखादं?" असं मला दोघातिघांनी विचारलंय. नका घेऊ. वर्षाचं हीटिंगचं बिल बघा म्हणजे मोह उतरेल.

हे काका गेले का नाहीत? सुदूर उत्तरेत नोकरी केलेल्यांना दक्षिणेकडे घर घ्यायला सरकार अनुदान देतं, त्याची रांग आहे. ते त्या रांगेत कित्येक वर्षांपासून आहेत. त्यावर त्यांना चिडताना मी बघितलं नाही. ते चिडले ते "मेलेलं शहर" म्हणणाऱ्या व्हिडिओवाल्यांवर. मुलं रोज शाळेत जातात, बस वेळेवर येते, आणि हे लोक येऊन फक्त फुटक्या काचा दाखवतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. फोटो काढा, पण राहत्या इमारतीचा "भुताटकी" म्हणून फोटो काढणं बरं दिसत नाही.

खाणींबद्दल बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो "तिथे गॅस किती?" हा. मायनिंग सरदाराच्या हातात आयुष्यभर गॅस तपासायचा दिवा, दुसरं काय सुचणार. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या खाणींत मिथेन तुलनेने कमी आणि कोळसाही वीजकेंद्रात जाळायचा. वोर्कुताचा कोळसा पोलाद कारखान्यांना लागणारा, कोकिंग जातीचा, पण थर खोल आणि मिथेन भरपूर. 1998 च्या जानेवारीत त्सेन्त्राल्नाया खाणीत स्फोट होऊन 27 जण गेले. 2016 च्या फेब्रुवारीत सेवेर्नाया खाणीत आधी स्फोट, खाली माणसं अडकली, त्यांना काढायला बचावपथक उतरलं तेव्हा पुन्हा स्फोट. एकूण 36 बळी. आग विझेना म्हणून शेवटी खाणीत पाणी सोडलं. 26 जणांचे देह खालीच राहिले. हे बाबांना सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मग "जेवलास का" विचारून त्यांनी फोन ठेवला. चालू खाणीत पर्यटकाला उतरवत नाहीत, त्या आशेवर जाऊ नका.

छावणीच्या खुणा बघायच्या तर युर्शोरची दफनभूमी. 29 नंबरच्या खाणीतले कैदी 1953 च्या उन्हाळ्यात, स्टालिन मेल्यानंतर, संपावर बसले. 1 ऑगस्टला त्यांच्यावर गोळीबार झाला, डझनावारी माणसं मेली. लिथुआनियन लोकांचं स्मारक तिथे आहे. हिवाळ्यात स्थानिक माणसाची गाडी केल्याशिवाय जाऊ नका, बर्फात रस्ता कुठे संपतो ते कळत नाही. आणि याच गावातल्या स्वतंत्र, पगारी खाणकामगारांनी 1989 च्या जुलैत मोठा संप केला आणि 1991 मध्ये थेट गोर्बाचेव्हच्या राजीनाम्याची मागणी केली, हेही लक्षात ठेवण्यासारखं. रुद्निक ही सगळ्यात जुनी वस्ती नदीपलीकडे आहे, पूर्ण ओसाड. तिकडे जाणारा झुलता पूल मोडकळीला आलाय. अलीकडच्या काठावरून बघा, पुरे.

कधी जावं? माझ्या मते मार्च. बर्फ भरपूर, दिवस मोठा, थंडी उणे पंधरा-वीसच्या आसपास. डिसेंबरच्या उत्तरार्धात दहाएक दिवस सूर्य वर येतच नाही, आणि हिमवादळ सुरू झालं की हॉटेलच्या खोलीत बसून राहावं लागतं. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, ऐकायला छान वाटतं, पण टुंड्रातले डास काय असतात ते गेल्याशिवाय कळायचं नाही. चंद्रपूरचा मे सोसलेल्या माणसालाही ते रडवतात.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण जिभेचे चोचले विसरा. बकव्हीटची (कुट्टूची) खिचडीसारखी लापशी, बटाटे, आंबवलेली कोबी, मशरूम, ब्रेड. बाकीच्यांना रेनडियरचं मांस मिळेल. ताजी भाजी-फळं महाग, कारण गावाला बाहेरून येणारा पक्का रस्ताच नाही.

कागदपत्रांचं: 2023 च्या ऑगस्टपासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो, मॉस्कोच्या विमानतळांवर चालतो. हॉटेल बुक करतानाच लेखी विचारून घ्या की परदेशी पाहुणा घेता का आणि नोंदणी करून देता का. सगळी छोटी हॉटेलं करत नाहीत. शहराबाहेर टुंड्रात जायचं असेल तर त्या भागाला वेगळा परवाना लागतो का, तेही त्यांनाच विचारा, कारण हे नियम बदलत राहतात. भारतातल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डं 2022 पासून तिथे चालत नाहीत, त्यामुळे सगळं रोखीने. युद्ध चालू आहे हे विसरू नका: रेल्वेचे पूल, विमानतळ, गणवेशातली माणसं यांचे फोटो नाहीत, ड्रोन तर बॅगेतसुद्धा नको. आणि "उत्तरेत खाणीत नोकरी लावून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर फोन ठेवा. रशियात नोकरीच्या नावाखाली आपली मुलं सैन्यात अडकवली गेली, त्याबद्दल आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने पुन्हा पुन्हा इशारे दिलेत.

सध्या रशियात जायची घरच्यांची तयारी नसेल तर एक पर्याय आहे. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं बारेन्ट्सबुर्ग. बेट नॉर्वेच्या ताब्यात, पण 1920 च्या कराराने सही केलेल्या देशांच्या लोकांना तिथे उद्योग करायची मुभा आहे, म्हणून रशियन कंपनी आजही तिथे कोळसा काढते, लेनिनचा पुतळा आहे, रशियन सूप मिळतं. भारतही त्या कराराचा सदस्य आहे आणि आपलं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून त्याच बेटांवर आहे. लाँगइयरब्येन या तिथल्या मुख्य गावाहून उन्हाळ्यात बोटीने, हिवाळ्यात स्नोमोबाइलने जातात. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाटेत नॉर्वे लागतं, म्हणून शेंगेन व्हिसा दोनदा प्रवेशाचा काढा, नाहीतर परतीच्या वाटेवर अडकाल. खर्च मात्र वोर्कुताच्या कितीतरी पट येईल.