जुन्या .२४४ रेमिंग्टनमधून १०० ग्रेनची गोळी कागदावर आडवी का पडते?

तुमची जुनी .२४४ रेमिंग्टन रायफल ७५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या छान एकत्र लावते, पण ६ एमएम रेमिंग्टनच्या विकतच्या काडतुसातली १०० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर ताटाएवढी पसरते आणि काही भोकं लांबट दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. दुर्बिणीवर खर्च करू नका. लांबट भोक म्हणजे गोळी कागदातून तिरकी गेली. मिशिगनमध्ये माझ्याही रेमिंग्टन ७२२ रायफलने अगदी हेच केलं होतं, आणि दोष नळीतल्या पिळाचा, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या वळणाचा, निघाला.

१९५५ साली रेमिंग्टनची .२४४ आणि विंचेस्टरची .२४३ एकाच वेळी बाजारात आल्या. रेमिंग्टनच्या डोळ्यांसमोर ग्राउंडहॉगसारख्या लहान प्राण्यांची शिकार करणारा माणूस होता. त्याला ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्या पुरेत म्हणून त्यांनी १२ इंचांत एक फेरा असा सैल पीळ दिला. विंचेस्टरने १० इंचांत एक फेरा असा जास्त घट्ट पीळ ठेवला, त्यामुळे १०० ग्रेनची गोळी चालली आणि हरणाच्या शिकाऱ्यांनी .२४३ उचलली. रेमिंग्टनने पुढे पीळ ९ इंचांवर आणला आणि १९६३ मध्ये त्याच काडतुसाला ६ एमएम रेमिंग्टन हे नाव दिलं. काडतुसाची मापं तीच, म्हणून ते तुमच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, नीट बसतं. खरी फसगत इथेच होते.

आता मुख्य मुद्दा: पिळाला गोळीचं वजन कळत नाही, लांबी कळते. जाडी तीच ठेवून वजन वाढवलं की गोळी लांब होते, आणि लांब गोळी सरळ राहायला जास्त वेगाने फिरावी लागते. ब्रिटनमधल्या वूलविचच्या जॉर्ज ग्रीनहिलांनी १८७९ मध्ये यासाठी सोपं सूत्र दिलं. आजच्या वेगवान गोळ्यांसाठी ते असं वापरतात: इंचातल्या व्यासाचा वर्ग गुणिले १८०, भागिले लांबी. टोकदार १०० ग्रेनची गोळी साधारण १.०५ इंच धरा. उत्तर सुमारे १० इंच येतं, म्हणजे तिला १० इंचांत एक फेरा हवा. तुमच्याकडे १२ आहेत.

तरी आधी स्वतः मोजा, कारण नंतरच्या काही नळ्या घट्ट पिळाच्या आहेत. रायफल रिकामी करून बोल्ट काढा. मूठ मोकळी फिरणाऱ्या सळईला घट्ट चिंधी लावून ती नळीत सरकवा, सळईच्या वरच्या बाजूला खूण करा, आणि खूण पुन्हा वर येईपर्यंत सळई किती इंच आत गेली ते बघा. दोनतीनदा करा, चिंधी घसरते.

१२ इंच भरले तर हरणासाठी ९० ग्रेनची शिसं भरलेली गोळी घ्या. १०० ग्रेनचीच हवी असेल तर गोल नाकाची बघा, ती आखूड असते. पूर्ण तांब्याच्या गोळ्या मात्र त्याच वजनाला लांब असतात, ८५ ग्रेनचीसुद्धा अडचण करू शकते. आणि कागदावरची परीक्षा नोव्हेंबरच्या थंडीतच घ्या. थंड हवा दाट असते, जुलैत जेमतेम सावरलेली गोळी तेव्हा डगमगते. अशी गोळी हरणावर झाडू नका, ते जखमी होऊन तडफडत राहतं.